टंच

विट्याला कॉलेजमागच्या मैदानात
सकाळी साडेसातला फक्की मारली.
थर्ड बेसपाशी फक्की संपली, तिथनं पुढं राख.
पुण्याहून तिघं आले, गाडीनं नाही, एस्टीनंच.
त्यातल्या बाईंच्या हातात ते पिस्तूल,
चेंडूचा वेग मोजणारं.
मला ते नीट बघताच आलं नाही.
मी कॅचर. ती माणसं माझ्या पाठीमागं,
जाळीच्या पलीकडं.

बावीस पोरं. छातीवर सेफ्टी पिनांनी नंबर.
आटपाडीची, पलूसची, एक तर जतहून
रात्रीच निघून स्टँडवर झोपलेलं,
गालावर बाकड्याच्या पट्ट्या तशाच.
ऐनापुरे सर सगळ्यांना म्हणाले,
तालुक्याच्या मॅचला बघायला कोण असतं?
पंच, आणि दोन कुत्री.
आज वही घेऊन बसलेत. दिसून घ्या.

फी तीनशे रुपये.
मी भरली नव्हती. मला सरांनी
"चेंडू अडवायला कुणीतरी लागतंच की" म्हणून बोलावलेलं.

प्रत्येकाला पंधरा चेंडू.
पहिला पोरगा टाकायचा
आणि माझ्या डोक्यावरून मागं बघायचा,
आकडा काय आला.
दुसराही तसाच. तिसऱ्याला मी ओरडलो,
अरे ग्लोव्हकडं बघ, ग्लोव्हकडं!
कुणीतरी बघतंय म्हटलं की
रोजचा हातसुद्धा परका होतो.
चेंडू जमिनीत, चेंडू अंगावर,
मी गुडघे टेकून मातीतनं एकेक उकरून काढतोय
आणि मागं पेनाची कुरकुर.
कुणाचं काय लिहिलं, पाठीला कसं कळणार?

फक्त तौफिक वेगळा.
भाळवणीचा मुल्लांचा, घरात मधाच्या पेट्या,
त्यामुळं हळू हलायची लहानपणापासून सवय.
त्यानं मागं एकदाही बघितलं नाही.
बोट दोन दाखवलं, दोन टाकला.
बोट एक दाखवलं,
आणि ग्लोव्हमध्ये असा आवाज झाला
की बाहेर चहावाल्यानं गाळणी थांबवली.
जाळीपलीकडं कुणीतरी हळूच म्हणालं, एकशे एकवीस.
नंतर थोडा वेळ पेनही वाजलं नाही.

दुपारी सगळे पाण्याच्या टाकीकडं गेले
तेव्हा बाई जाळीच्या अलीकडं आल्या.
"तुझा नंबर?"
नाही.
"नाही म्हणजे?"
मी अडवायला आलोय फक्त.
त्यांनी माझ्या गुडघ्यांकडं बघितलं, मग मातीकडं,
जिथं मी सकाळपासून दोन खड्डे पाडले होते.
"किती सुटले तुझ्याकडनं?"
मी मोजले नव्हते. चार, म्हणालो. मग म्हणालो, तीन.
चौथा जतवाल्यानं पार जाळीवर घातलेला.
त्या हसल्या नाहीत.
कागद उलटा केला.
पुढच्या बाजूला नंबरांचे चौकोन,
मागं नुसता कोरा.
तिथं काहीतरी लिहिलं, उभ्या उभ्याच,
आणि गेल्या. नाव विचारलं का?
विचारलं असावं. मला आठवत नाही.

संध्याकाळी त्रिचीहून आण्णांचा फोन.
तिथं त्यांचं गलाईचं दुकान आहे.
सोनारांच्या पेढीवरची झाडलोट पोत्यानं घेतात,
जाळतात, धुतात, तेजाबात घालतात,
धुळीतनं जे निघेल ते निघेल.
म्हणाले, तो भाळवणीचा किती टंच निघाला?
म्हटलं, एकशे एकवीस.
आण्णा मोठ्यांदा हसले,
शंभराच्या वर टंच नसतो रे, येड्या.
डावा तळवा सुजून पुरीसारखा झालेला,
मी फोन उजव्या हातात धरलेला.
कागदाच्या मागच्या बाजूचं सांगणार होतो,
तेवढ्यात ते म्हणाले, चल, ठेवतो.
आज दोन पोती झाडलोट आलीय,
रात्रभर भट्टी आहे.
बघू काय निघतंय.